झोपेची तपासणी सांगली-मिरजेत: घरी की लॅबमध्ये?

झोपेत श्वास अडण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) आहे का, हे या तपासणीत कळतं. घोरणं, दिवसा डुलक्या आणि बाकी तब्येत ठणठणीत, अशांना घरची तपासणी पुरते. छातीवर डबीएवढं यंत्र, बरगड्यांभोवती पट्टा, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिमीटर. यंत्र बॅटरीवर चालतं, वीज गेली तरी बिघडत नाही. नळी मात्र कूस बदलताना निसटते. ती कानांमागून घेऊन दोन्ही गालांवर कागदी चिकटपट्टीने डकवा. नखाचं गडद नेलपॉलिश आधी काढा. किमान 4 तासांचं नीट रेकॉर्डिंग मिळालं नाही तर रात्र वाया.

खरी गोम पुढेच आहे. या यंत्राला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. माणूस झोपला होता की नुसता पडून होता, हे त्याला कळत नाही. 6 तासांच्या झोपेत 36 वेळा श्वास अडला, तर तासाला 6, म्हणजे सौम्य आजार. तेच यंत्र 8 तासांच्या रेकॉर्डिंगने भागतं: 4.5. मर्यादा 5 ची, म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल'! लक्षणं असूनही असा रिपोर्ट आला, तर लॅब गाठायचीच.

हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा पक्षाघात झालेल्यांनी घरच्या यंत्राच्या नादी लागू नये. लॅबमध्ये वायर सुटली तर टेक्निशियन लगेच लावतो. आजार तीव्र निघाला तर बऱ्याचदा उरलेल्या रात्रीत सीपॅपचा (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) दाबही ठरवतात. जाताना डोक्याला तेल नको (आपल्याकडे हेच राहून जातं), इलेक्ट्रोड धरत नाहीत. बुकिंग करताना दोनच गोष्टी विचारा: टेक्निशियन रात्रभर जागा असतो का, आणि रिपोर्ट डॉक्टर स्वतः तपासतात की सॉफ्टवेअरचाच छापून देतात?