पत्र्याचा डॅशबोर्ड रिपेअर : ऊन, पाऊस, थंडी काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकचा डॅशबोर्ड मागच्या अक्षय तृतीयेला परत बसवला. नंतर मे चं ऊन झालं, इगतपुरीचा पाऊस झाला, आता निफाडकडची थंडी चालू आहे, म्हणून आत्ता लिहितोय, कारण ताज्या पेंटचे फोटो बघून काहीच कळत नाही, पत्र्याचं काम एक पावसाळा गेला की दिसतं.

गाडी १९६८ ची, स्टारवाली, म्हणजे पुढे मर्सिडीजचा तारा असलेली. टाटा आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९, त्यातली शेवटची शेवटची. हा डॅशबोर्ड नवा कुठे मिळत नाही, आहे तोच वाचवायचा. आणि आमच्या आधी ज्याच्या हातात गाडी गेली त्याने त्यात काहीतरी केलेलंच. टेपसाठी चौकोन कापलेला, स्पीकरचं मोठं गोल भोक, पंख्याचे स्क्रू, लायटिंगचे स्विच, आणि काचेखालची कड तर गंजून जाळी झालेली.

नाशिकला आडगाव नाक्याकडे दोन-तीन ठिकाणी दाखवला. सगळीकडे एकच उत्तर, "दादा, मागून पत्रा मारतो, वरून लांबी भरतो, कळणार पण नाही." लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. पण ट्रकचं व्हायब्रेशन आणि ऊन यात जाड लांबी टिकत नाही, आणि पत्र्यावर पत्रा चढवला की मधल्या फटीत पाणी बसून आतून गंज चालू होतो. शेवटी अंबडला एक मिस्त्री भेटले ते म्हणाले भोक पत्र्यानेच बुजवायचं, तिथेच काम दिलं.

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो कारण सगळं यातच आहे. छोट्या भोकांच्या मागे तांब्याची पट्टी धरली आणि सीओटू वेल्डिंगने (गॅस सोडत तारेने करतात ते) भोक भरलं. तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि उष्णता पण ते ओढून घेतं. मोठ्या भोकांना त्याच जाडीचा पत्रा कापून कडेला कड लावून बसवला. सलग वेल्डिंग अजिबात नाही, एक टाका इथे, एक समोरच्या बाजूला, मग थांबायचं, पत्रा हाताला गार लागला की पुढचा. घाई केली की सपाट पत्रा ताणून वाकडा होतो आणि मग तो सरळ करता करता दिवस जातो. टाके घासताना पण फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची पॉलिश पेपरची चकती) हलकी, नाहीतर आजूबाजूचा पत्रा पातळ होतो. मग इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा खालचा थर, आणि त्यावर लांबीचा अगदी पातळ हात.

एका गोष्टीवर मी अडून बसलो, लांबी कोरडीच घासायची. आपल्याकडे सर्रास वॉटर पेपरने पाणी मारून घासतात, पण लांबी पाणी शोषते आणि ते पेंटखाली अडकून नंतर फोड येतात. धूळ खूप झाली, पेंटरदादा वैतागले, पण अख्खा पावसाळा जाऊन एक फोड नाही. स्पीकरच्या भोकाची कडा मी टॉर्च तिरका मारून शोधतो, सापडत नाही.

पावडर कोटिंग करा असं बऱ्याच जणांनी सांगितलं. ते भट्टीत साधारण १८०-२०० डिग्रीला भाजतात, साधी लांबी तिथे तग धरत नाही. म्हणून टूके पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पेंट, मारला.

आणि हे सगळं करायच्या आधी काचेचं रबर बदला!! गंज खालून आलेला नसतो, काचेच्या रबरातून पाणी झिरपतं आणि कडेवर साचतं. आम्ही रबर नवीन टाकलं, कसाऱ्याच्या पावसात गाडी नेली, काचेखाली बोट फिरवलं तर कोरडं. खूप बरं वाटलं.

दुसरं वायरिंगचं. जुन्या गाडीत मीटरला अर्थ (अर्थिंग) डॅशबोर्डच्या पत्र्यातूनच मिळतो, सगळीकडून प्रायमर-पेंट बसला की तो तुटतो आणि डिझेलचा काटा मनाला येईल तसा हलतो. इलेक्ट्रिशियनने सगळ्या मीटरच्या बॉडीला एक वेगळी अर्थ वायर टाकून ती चॅसिसला घट्ट केली, तेव्हापासून काटे स्थिर आहेत.

तक्रार एकच, ग्लॉस. दुपारी मुंबईकडे जाताना वरच्या भागाची चमक समोरच्या काचेत पडते आणि डोळ्याला त्रास होतो. ग्लॉस ओरिजिनलसारखा दिसतो म्हणून घेतला होता, पण रोज चालवायची गाडी असेल तर वरची पट्टी मॅटच करा. आमची उन्हाळ्याआधी करून घेणार आहे, तेवढीच पट्टी घासून त्याच रंगाचा मॅट मारायचा, बाकी डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही.