टाळ्या, श्वास, टायमर की गाणं?

एक तास संपून दुसरा सुरू होताना वर्गाचा मासळीबाजार होत असेल, तर हाताशी साधारण चार उपाय असतात. त्यातला कोणता घ्यायचा, हे मुलं कुठल्या तासाहून येताहेत त्यावर ठरवा.

टाळ्यांचा ताल सर्वांत झटपट. तुम्ही वाजवायचा, मुलांनी तसाच परत द्यायचा. सगळ्या माना वळतात. पण लक्ष वेधलं म्हणजे मुलं शांत झाली असं नाही. लगोलग सूचना दिली नाही, तर गोंगाट पुन्हा सुरू. मोठ्या आवाजाने बिथरणारं एखादं मूल असेल, तर हात वर करण्याची खूण बरी.

श्वासाचा व्यायाम खरोखर शांत करतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, की हृदयाचे ठोके मंदावतात: ३ मोजेपर्यंत घ्यायचा, ५ मोजेपर्यंत सोडायचा. लहानग्यांना तळहातावरचं पीस न पाडता हळूच फुंकायला सांगा. मात्र मैदानावरून धापा टाकत आलेली मुलं यावर नुसती खिदळतात. त्यांच्या अंगातला जोर आधी कामी लावा: तळवे टेकून भिंत ढकलायची, वह्यांचे गठ्ठे कपाटापर्यंत न्यायचे. श्वास त्यानंतर. आणि बराच वेळ बसून लिहिल्यामुळे चुळबुळ चालली असेल, तर श्वासबिस राहू द्या, हातपाय ताणू द्या.

टायमर हा आवडतं काम अर्धवट सोडताना रडणाऱ्यांसाठी. ‘पाच मिनिटं उरली’ म्हणजे किती, हे सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही. वाळूचं घड्याळ रिकामं होताना दिसतं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना सोबत चित्रांच्या वेळापत्रकाचाही आधार होतो. काही मुलं मात्र घटती वेळ पाहूनच घाबरी होतात.

रोजच्यासाठी एकच निवडायचं, तर माझं मत गाण्याला. दोनेक मिनिटांचं, संथ चालीचं. पहिल्या कडव्यात वह्या दप्तरात, दुसऱ्यात पुढचं पुस्तक बाहेर, संपताना जागेवर. कुणाला ओरडावं लागत नाही. अट एवढीच, की गाणं सारखं बदलायचं नाही आणि एरवी लावायचं नाही. आधी घाई नसताना सराव करून घ्या.

दुसऱ्या खोलीत जायचं असेल, तर व्हरांड्यात गाणं नको. शेजारी तास चालू असतात. तिथे मुलांना वाटेतल्या खिडक्या मनातल्या मनात मोजायला सांगा आणि उत्तर दारात पोचल्यावर विचारा.