बोआची सहा फुटी पेटी, सिरॅमिक हीटर आणि बेळगावचा पावसाळा

बेळगावच्या शहापुरातल्या एका सुतार मेस्त्रींकडून आमच्या बोआ सापासाठी, रुक्मीसाठी, पेटी करून घेतली. तिच्यावरून आता एक अख्खा पावसाळा आणि एक थंडी गेली. लाकूडकामाला पैकीच्या पैकी गुण. काचेच्या दाराला निम्मे. आत बसवलेल्या सामानाचं वेगळं लिहिते, कारण बोआ पाळणारे किंवा पाळू पाहणारे विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी दिवसातून किती वेळा फवारायचं? परदेशात थंडीत घरं हीटरवर तापतात, हवा कोरडी पडते, म्हणून तिकडचे लोक फवारणीवर भर देतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर फवाऱ्याला हात लावायची गरज नाही. आपल्याला आधी सांभाळायची ती ऊब आणि खेळती हवा.

कायद्याचं एकदाच सांगते. शेतात नांगराला सापडणारं मांडूळ हे बोआचं नातलग, पण तो आपल्याकडचा वन्यप्राणी आहे. ते पाळणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. गुप्तधनाच्या आणि औषधाच्या खुळ्या कल्पनांपायी या गरीब जिवाचा किती छळ झाला ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी लिहितेय ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या बोआबद्दल. दुरुस्त केलेला वन्यजीव कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. रुक्मीची नोंद आहे. कागद नसलेला बोआ कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

आता पेटी. सहा फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. रुक्मी मादी आहे, माद्या सहा-आठ फुटांपर्यंत जातात आणि वीस-पंचवीस वर्षं जगतात, म्हणून सुरुवातीलाच मोठं माप धरलं. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय वापरला. आठ बाय चारच्या एका शीटमधून वरचा आणि खालचा असे सहा बाय दोनचे दोन तुकडे निघतात, उरलेल्या पट्टीतून दोन्ही बाजू निघतात, आणि मागच्या फळीसाठी दुसरं शीट लागतं. मेस्त्रींनी हे कागदावर मांडून दाखवलं आणि दुसऱ्या शीटमधल्या उरलेल्या तुकड्यातून आतली बसायची फळी करून दिली, तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आतले सगळे सांधे सिलिकॉनने भरले. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी व्हरांड्यात उघडी ठेवली. साप आत घालायची घाई इथे करायची नाही.

वाद झाला तो भोकांवरून. मेस्त्री म्हणाले, "अक्का, एवढी भोकं पाडली तर आत ऊब कशी राहायची हो?" त्यांचं बरोबर होतं, त्यांनी आजवर कपाटं केली होती. पण बंद पेटीत गरम आणि ओली हवा कोंडली की सापाच्या फुफ्फुसाला बाधते. मी त्यांना सांगितलं, थंड बाजूला खाली भोकं आणि गरम बाजूला मागच्या फळीत वर भोकं ठेवा. गरम हवा वरून बाहेर पडते, तिच्या जागी खालून नवी हवा येते, पंखा लागत नाही. त्यांनी दोन-दोन इंचांची भोकं पाडून आतून स्टीलची मच्छरजाळी इतकी साफ बसवली की एक तार बाहेर नाही. या कामासाठी मी त्यांचं नाव कुणालाही डोळे झाकून सांगेन.

हीटर १०० वॅटचा सिरॅमिक. याला उजेड नसतो, त्यामुळे रात्रीही चालतो. होल्डर चिनीमातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. भोवती वेल्डेड जाळीचा पिंजरा हवाच हवा. बोआ उबेला जाऊन वेटोळं घालतो आणि भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही. याच कारणाने ऑनलाइन 'संपूर्ण किट'मध्ये येणारे तापणारे दगड मी कुणालाच घेऊ देत नाही. पोटाखालची कातडी जळालेला साप एकदा पाहिला की पुरे.

त्याला थर्मोस्टॅट एसटीसी-१०००. मुळात शीतगृहांसाठीचा कंट्रोलर, अंडी उबवणारेही वापरतात. दिसायला ओबडधोबड, पण कामाला चोख. मी ३२ अंशांवर लावलाय, फरक अर्ध्या अंशाचा. म्हणजे ३१.५ ला हीटर सुरू, ३२ ला बंद. थंड बाजू आपोआप २५ ते २७ मध्ये राहते, आणि सापाला हवी तिकडे जाता येतं. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा ठेवलीय, नाहीतर बिचारा ऊब सोडून आडोसा निवडतो. एक धोका लक्षात ठेवा: सेन्सर जागेवरून निघून थंड कोपऱ्यात पडला तर हीटर बंदच होत नाही. सेन्सर क्लिपने पक्का करा आणि ३५ अंशांवर लावलेला दुसरा थर्मोस्टॅट त्याच वायरीत पुढे जोडून घ्या. पहिल्याचा रिले (आतला स्विच) चिकटला तरी तो वीज तोडतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच, अर्थिंगसह.

ओलावा मोजायला एचटीसी-२ हा मीटर. स्वस्त आहे, पण तपासून घ्यावा लागतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून लापशीसारखं ओलं करा आणि मीटरसोबत घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. माझा ८१ दाखवत होता, तेव्हापासून सहा वजा करून वाचते.

आता मुख्य गोष्ट. बोआला ६० ते ७० टक्के ओलावा पुरतो. जुलैत झड लागली की बाहेर २४ अंश आणि ९५ टक्के असतात. हीच हवा पेटीच्या गरम बाजूला ३१ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता साधारण ६३ टक्क्यांवर येते, कारण गरम हवेत जास्त बाष्प मावतं. एक थेंब न फवारता जे हवं ते मिळतं! पण हीटर बंद पडला आणि तळाला पसरलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे ओलेच राहिले, तर दोनच दिवसांत थंड ओल तयार होते. तोंड उघडून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, पोटाखालचे खवले तांबूस-तपकिरी होणं, हे सगळं त्या थंड ओलीतून येतं. यातलं काहीही दिसलं तर थेट पशुवैद्याकडे जा, घरगुती उपाय नकोत. पावसाळ्यात मी पाण्याचं भांडं थंड बाजूला ठेवते आणि वरचा थर हाताने चाळून कोरडा राहील असं बघते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये चित्र पालटतं. दुपारी मीटर ३५-४० वर येतो. तेव्हा तेच भांडं गरम बाजूला सरकवते, आणि कात टाकण्याआधी डोळे निळसर दिसायला लागले की ओल्या शेवाळाचा झाकणाचा डबा, बाजूला भोक पाडून, आत ठेवते. कात डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट एकसंध निघाली पाहिजे. रुक्मीची निघते. एप्रिलच्या दुपारी खोलीच तापते, थर्मोस्टॅट हीटर सुरूच करत नाही.

डिसेंबरच्या रात्री १३-१४ अंशांवर येतात आणि वीज जाते तेव्हा खरी परीक्षा. १०० वॅट म्हणजे फार नाही. १५० एएचच्या बॅटरीवर घरातले दिवे कमी केले तर रात्र निघते. इन्व्हर्टरवरचा एक पॉइंट पेटीसाठी राखून ठेवा.

काचेचं दार मात्र निराश करून गेलं. मेस्त्रींनी लाकडात खाच पाडून काचा सरकवल्या होत्या. पावसाळ्यात खाच फुगली, काच अडकली, आणि रुक्मीला खायला द्यायला दोघांनी जोर लावावा लागला. मेस्त्री बोलावल्यावर आले, कटकट न करता ॲल्युमिनियमचा चॅनल बसवून गेले, पण हे आधीच व्हायला हवं होतं. शोकेसचं कुलूपही सांगून लावून घ्या. बोआ नाकाने काच ढकलतो आणि बोटभर फट त्याला पुरते.

खर्च: लाकूड, काच, मजुरी मिळून सोळा हजारांच्या आसपास. हीटर, दोन थर्मोस्टॅट आणि मीटर धरून आणखी अडीच हजार. तयार आयात पेटीपेक्षा हे पुष्कळ कमी आहे आणि आपल्या हवेला जास्त बरं. ऑर्डर देताना ॲल्युमिनियम चॅनल आणि भोकांची जागा लिहून द्या, आणि सहा फुटी पेटी वळणार आहे की नाही ते बघायला जिन्याचं वळण आधी मोजून घ्या.