हॉटेल खरं, पत्ता खरा, फोन नंबर तेवढा खोटा

नाताळच्या सुट्टीत चार दिवस मुंबई करून यायची, असा बेत इंदूरच्या मराठी घरांत दर हिवाळ्यात ठरतो. अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं वेळेवर निघतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २५ डिसेंबरच्या गाडीसाठी २६ ऑक्टोबरला सकाळी आठला बसायचं, हे आता लोकांना पाठ झालंय. हॉटेलचं मात्र "बघू, मिळेल" करत डिसेंबर उजाडतो. मग एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर नवरा-बायको मोबाईल घेऊन बसतात आणि तासाभरात तीस-चाळीस हजार रुपये खात्यातून गेलेले असतात.

ही माणसं लोभी नसतात, अडाणीही नसतात. त्यांनी हॉटेल नीट पारखलेलं असतं. फोटो पाहिलेले, लोकांचे अभिप्राय वाचलेले, चर्चगेट स्टेशन किती लांब आहे तेही मोजलेलं. आणि ते सगळं खरंच असतं. या फसवणुकीत खोटं हॉटेल कुणी उभं करत नाही, त्याची गरजच पडत नाही. चांगल्या, चालू हॉटेलच्या नावापुढे आपला मोबाईल नंबर चिकटवला की काम झालं.

नंबर चिकटतो कसा? नकाशाच्या ॲपवर कुठल्याही दुकानाच्या, हॉटेलच्या माहितीखाली "बदल सुचवा" अशी सोय असते. ती कुणालाही वापरता येते. दक्षिण मुंबईतल्या जुन्या लॉजच्या मालकांनी आपली नोंद कधी ताब्यात घेतलेली नसते, त्यामुळे बदललेला नंबर त्यांच्या लक्षातही येत नाही. दुसरी वाट म्हणजे हॉटेलच्या फोटोंमध्येच एक फोटो टाकायचा, त्यावर ठळक अक्षरांत "बुकिंगसाठी संपर्क". तिसरी, हॉटेलच्या नावाला "मुंबई" किंवा "बुकिंग" जोडून वेबसाईट काढायची आणि पैसे भरून तिची जाहिरात शोधात सगळ्यात वर आणायची. पत्त्याशेजारचं कुलूप बघून लोक निश्चिंत होतात. तुमचा आणि त्या साईटचा संवाद मधल्या कुणाला वाचता येणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय, याच्याशी त्याचा संबंध नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये अशाच खोट्या बुकिंगबद्दल प्रवाशांसाठी इशारा काढला होता.

फोन लावला की पहिल्या रिंगला उचलला जातो. जुन्या हॉटेलच्या काउंटरवर, तेही नाताळच्या आठवड्यात, फोन एवढ्या तत्परतेने उचलला जाणं हीच खरं तर शंकेची जागा. पलीकडचा माणूस शांत, अदबशीर. आपण मराठी बोललो की तोही मराठीत येतो, आडनाव ऐकून "काका, इंदूरचे का तुम्ही?" असंही विचारतो. इथे अर्ध्याहून अधिक काम होऊन जातं. भाव तो फार खाली आणत नाही. बुकिंगच्या साईटवर ४,८०० दिसत असतील तर हा ४,२०० सांगतो, "डायरेक्ट घेताय, कमिशन वाचतं ना". हे पटण्यासारखं असतं, कारण खरी हॉटेलंही असंच म्हणतात. दोन हजारात देतो म्हणाला असता तर लोकांनी फोन ठेवला असता.

मग पैशांच्या पायऱ्या सुरू होतात. उदाहरणादाखल आकडे धरू. तीन रात्री, १२,६०० रुपये. आधी निम्मे मागतात, ६,३००. ते क्यूआर कोडवर जातात. पाच मिनिटांनी फोन: "सर, सिस्टीम पार्शल पेमेंट घेत नाहीये, पूर्ण रक्कम एकदम टाकावी लागेल, आधीचे ६,३०० आपोआप रिफंड." १२,६०० जातात. मग जीएसटी राहिला म्हणून १८ टक्के, २,२६८. इथेच थांबून हिशेब केला असता तर लबाडी उघडी पडली असती. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्केच आहे, १८ टक्के त्याहून महाग खोलीला. १२,६०० वर ६३० रुपये होतात. शिवाय कर बिलाबरोबर लागतो, त्यासाठी वेगळा क्यूआर कोड कुणी पाठवत नाही.

शेवटची पायरी सगळ्यात मोठी. ६,३०० परत हवेत ना, मग "रिफंड कोड" घ्या: १८,९१४. पेमेंटच्या ॲपमध्ये तो आकडा टाका, पैसे कटणार नाहीत, तो फक्त कोड आहे. आकडा वाकडातिकडा निवडण्यामागे कारण आहे. वीस हजार म्हटलं तर रक्कम वाटते, १८,९१४ म्हटलं तर कोड वाटतो. माणूस तो रकमेच्या रकान्यात टाकतो, पिन दाबतो आणि १८,९१४ रुपये जातात. यूपीआयमध्ये कोड टाकायचा रकानाच नसतो. रकमेच्या जागी लिहाल ते रुपयेच, आणि पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे यायचे असतील तर पिनही लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. एकूण गेले ४०,०८२. कुणी आणखी पुढे जाऊन "मदतीसाठी" स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवून घ्यायला लावतात, किंवा व्हॉट्सॲपवर बुकिंगच्या पावतीच्या नावाने एपीके फाईल धाडतात. पावती पीडीएफ असते किंवा फोटो. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारा प्रोग्राम, तो उघडला की तुमचे ओटीपी त्यांच्याकडे जाऊ लागतात.

शहाणी माणसं एवढं करतात कशी, असं वाचताना वाटेल. कारण प्रत्येक पायरीवर नवे पैसे "आधीचे सोडवण्यासाठी" मागितलेले असतात. त्यात घाई. "शेवटची रूम आहे, दुसरी पार्टी लाईनवर आहे" हे एरवी कुणी मानलं नसतं, पण २४ डिसेंबर ते १ जानेवारीत मुंबईत खोल्या खरोखरच संपत येतात.

तपासायचं काय, तर पैसे घेणारा कोण आहे ते. हॉटेलला जीएसटी क्रमांक विचारा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, आपल्या मध्य प्रदेशाचे २३, दिल्लीचे ०७. मुंबईच्या हॉटेलचा क्रमांक २७ ने सुरू झाला पाहिजे. पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर "करदाता शोधा" मध्ये हा क्रमांक टाकला की दोन नावं दिसतात, व्यापारी नाव आणि कायदेशीर नाव. एकट्याच्या मालकीचं हॉटेल असेल तर कायदेशीर नावाच्या जागी मालकाचं नाव येतं. आता पेमेंटच्या ॲपमध्ये क्यूआर स्कॅन करा, पिन टाकू नका, फक्त नाव वाचा. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपनी बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवायचं आहे, तुम्ही-आम्ही ठेवलेलं टोपणनाव नव्हे. पोर्टलवरचं आणि ॲपमधलं नाव जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. "हे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे" हे उत्तर ठरलेलं असतं.

नुसता जीएसटी क्रमांक बरोबर निघाला म्हणून मात्र विश्वास ठेवू नये. खऱ्या हॉटेलचं एखादं जुनं बिल मिळवून ठग तोच क्रमांक बिनदिक्कत सांगतात. क्रमांक खरा आणि खातं भलत्याचंच, असं होतं. म्हणून दोन्ही नावं शेजारी ठेवून वाचायची. कॉलर ओळखणाऱ्या ॲपवर हॉटेलचं नाव झळकलं तर तेही बाजूला ठेवा. तिथली नावं लोकांनीच भरलेली असतात.

हॉटेलला दुसऱ्या वाटेनेही गाठता येतं. मुंबईच्या जुन्या हॉटेलांकडे अजून लँडलाईन असतो, ०२२ आणि पुढे आठ आकडे. खालच्या रेस्टॉरंटचा नंबर वेगळा असतो, तिथे फोन करून "वर रूमचं बुकिंग कोण बघतं" विचारलं तरी उलगडा होतो. सगळ्यात सोपा उपाय मुंबईतल्या नातेवाइकाला तिथे पाठवण्याचा, आणि इंदूरच्या मराठी घराचं दादर-ठाणे-डोंबिवलीत कुणी नाही असं सहसा होत नाही. अडचण अशी की त्यांच्याकडे उतरायचं नाही म्हणूनच तर हॉटेल घेतलेलं असतं. येणार आहोत हेच कळवलेलं नसतं, मग विचारणार कसं! असो. चार दिवसांचा रुसवा चाळीस हजारांहून स्वस्तच पडेल.

"हॉटेलवर पैसे द्या" हा पर्याय असलेलं बुकिंग नामांकित साईटवरून केलं तर बरीच सुरक्षितता येते, पण तिथेही एक फट आहे. हॉटेलचा त्या साईटवरचा पासवर्ड चोरीला गेला की ठग साईटच्याच संदेशपेटीतून लिहितात: कार्डाची पडताळणी बारा तासांत करा, नाहीतर बुकिंग रद्द. तुमचं नाव, तारखा, बुकिंग क्रमांक, सगळं अचूक असतं. खाली लिंक. लिंकवर जायचं नाही. पडताळणी खरोखर हवी असेल तर ती साईटच्या मुख्य पानावर, तुमच्या बुकिंगच्या आतच दिसेल.

ओळखपत्रांबद्दल एक गोष्ट. हॉटेल प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं ओळखपत्र मागतं, तो नियम आहे, पण ते काउंटरवर दाखवायचं. व्हॉट्सॲपवर दोघांच्या आधारचे पूर्ण फोटो धाडले की पैशांपलीकडचा व्याप मागे लागतो. पाठवावंच लागलं तर मास्क केलेलं आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं.

गाडी पहाटे मुंबई सेंट्रलला लागते आणि चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी बारा किंवा दोनला. या मधल्या वेळेवरही ठगांचा डोळा असतो, "अर्ली चेक-इन"चे आगाऊ पैसे याच नावाने मागतात. स्टेशनबाहेर एखादा टॅक्सीवाला "ते हॉटेल बंद पडलं, दुसरं दाखवतो" म्हणेल. त्याला दुसऱ्या हॉटेलकडून दलाली मिळते. मीटर टाकायला सांगा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पाव पट जास्त. या भागात रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे "रिक्षापर्यंत सोडतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाण्यात अर्थ नाही.

पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाईनला फोन लावा. पोलीस ठाण्यात जायला सकाळ व्हायची वाट पाहू नका. पैसा ठगांनी भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत फिरतो आणि एटीएममधून निघतो. निघण्याआधी बँकेने रोखला तरच हाती काही लागतं. फोन करताना समोर हे ठेवा: तुमची बँक आणि खातं, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक, वेळ, रक्कम, समोरची यूपीआय आयडी. चार वेळा पैसे गेले असतील तर चारही व्यवहार वेगवेगळे नोंदवायला सांगा, एकूण रक्कम सांगून भागत नाही. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. व्हॉट्सॲपचा संवाद आधी जपून ठेवा, कारण ठग "सर्वांसाठी हटवा" करतात किंवा आपोआप पुसले जाणारे संदेश सुरू करून ठेवतात. त्यांचा नंबर ब्लॉक करण्यापूर्वी स्क्रीनशॉट काढा.

"घटना मुंबईची, तिकडे जा" असं कुठल्या ठाण्यात ऐकवलं गेलं तर झिरो एफआयआरचं नाव घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तुम्ही पैसे इंदुरात बसून पाठवलेत, त्यामुळे इथलं ठाणंही परकं नाही.

बँकेला त्याच वेळी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलेले पैसे कळवेपर्यंत ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची, तिची पोच घ्या. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. रोखलेली रक्कम परत मिळायला अनेकदा महिने जातात.

याच महिन्यांत आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फाईल फी भरा." तक्रार नोंदवायलाही पैसे लागत नाहीत आणि रोखलेले पैसे सोडवायलाही पोलीस फी मागत नाहीत. हा फोन दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवण्यासाठी असलेल्या "चक्षू" मध्ये नोंदवा. खऱ्या हॉटेलला फोन करून त्यांच्या नकाशावरचा नंबर बदलला गेलाय हेही सांगा. बऱ्याचदा त्यांना ते पहिल्यांदाच कळत असतं.