मेडिक्लेममधलं औषधांचं कव्हर: पाचपैकी दोन तारे

बीपी, शुगर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्यांसाठी साधी मेडिक्लेम पॉलिसी जवळपास निरुपयोगी. ती मुख्यतः २४ तास ॲडमिट झालेल्यांसाठी असते. ओपीडीचं कव्हर बहुधा वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि त्याची वार्षिक मर्यादा अनेकदा तुटपुंजी असते.

डिस्चार्जनंतरची औषधं मिळतात, बऱ्याच पॉलिसींत ६० दिवसांपर्यंत, पण त्याच आजाराची असली तरच. दावे अडकतात ते इथे. केमिस्ट दादरचा असो की बोरिवलीचा, कच्ची चिठ्ठी घेऊ नका. पक्क्या बिलावर रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी, सोबत प्रिस्क्रिप्शन. नेहमीची थायरॉइडची गोळी त्याच बिलात घातली की कंपनी प्रश्न काढते. दोन वेगळी बिलं करून घ्या.

खरी चीड येते ती रूम रेंटच्या नावाखाली होणाऱ्या कपातीची. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की बाकीच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०२० पासून बजावलं आहे. म्हणून सेटलमेंटच्या पत्रातली औषधांची ओळ आधी तपासा. कपात दिसली तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर मुंबईत सांताक्रूझ पश्चिमेला विमा लोकपालांचं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.