फोंड्यातला मधुमेहींचा व्यायामवर्ग: तीन महिन्यांनंतर

गोव्यातल्या सावईवेऱ्याहून आठवड्यातून तीनदा सकाळी साडेसातला फोंडा गाठायचं म्हणजे कुळागरवाल्याची (माड-पोफळीची बाग सांभाळणाऱ्याची) परीक्षाच. पाणी सोडायची वेळही तीच. तरी माघापासून चैत्र संपेपर्यंत मी एकही दिवस चुकवला नाही. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला हा वर्ग पाऊण तासाचा, माणसं दहाच, फी महिन्याला १२०० रुपये.

मधुमेह होऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत 'चाला' असं सगळ्यांनी सांगितलं, पण का चालायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. ते इथल्या थेरपिस्टने सांगितलं, आणि माझ्या मते अर्धी फी त्याचीच आहे. माझं कुळागर आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "काका, पाट भरून वाहतोय, पण आळ्यांची तोंडं बुजलेली आहेत. मग पोफळीला काय मिळणार?"

इन्सुलिन साखरेला पेशीत नेतं एवढं मला माहीत होतं. पण त्याआधी ते रक्ताची वाट मोकळी करतं, हे नवीन होतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करायला लावतं, त्याने वाहिनी सैलावते आणि स्नायूतल्या बारीक केशवाहिन्यांत रक्त पसरतं. हे काही मिनिटांतच सुरू होतं. पायात येणारं एकूण रक्त वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आधी आळ्यांची तोंडं उघडतात, पाटाचं पाणी नंतर वाढतं. हे मला लगेच पटलं. नुसतं पाटाचं पाणी वाढवलं तर खालच्या टोकाला चिखल होतो, वरची झाडं कोरडीच राहतात. (हा नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांत निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ साली नोबेल मिळालं.)

आमच्यासारख्यांत हीच उघडझाप बिघडते. इन्सुलिनचा वाहिन्या सैल करणारा हुकूम मंद पडतो. त्याच इन्सुलिनचा वाहिन्या आवळणारा दुसरा हुकूम मात्र चालूच राहतो. रक्तात इन्सुलिन असूनही ते साखरेसह स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. आणि जेवणानंतरची साखर घेणारं मोठं गिऱ्हाईक तर स्नायूच.

मग व्यायाम कशाला? आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट पाहत नाही. तो स्वतःच केशवाहिन्या उघडतो आणि साखर आत घेणारी दारं पेशीच्या पृष्ठभागावर आणतो. शिवाय त्यानंतर दिवस-दोन दिवस इन्सुलिनचाही गुण जास्त येतो. वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार का, ते तेव्हा कळलं. खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. भर सगळा मांड्या-पोटऱ्यांवर, कारण मोठे स्नायू तिथेच.

सुरू करण्याआधी प्रत्येकाची साखर तपासतात, इन्सुलिन आणि गोळ्या कधी घेतल्या ते विचारतात. साखर एकदम उतरलीच तर ग्लुकोजची पुडी टेबलावर तयार असते. एकदा शेजारच्या मावशींना थरथर सुटली, तेव्हा दोन मिनिटांत सगळं सावरलं. अशी काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. माझी जेवणानंतरची साखर २१० च्या आसपास असायची, आता १६०-१७० असते. औषध तेच आहे.

उणिवा दोन. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा आणि कठडा एकाच बाजूला; गुडघेदुखीच्या माणसाला उतरताना त्रास होतो. दुसरी उणीव मोठी आहे. आहाराचा जो कागद देतात त्यात ओट्स आणि ब्राऊन ब्रेड. उकड्या तांदळाची पेज किती घ्यावी, हुमणाबरोबर (माशाच्या आमटीबरोबर) भात किती, याबद्दल एक अक्षर नाही. आमच्या घरी जे शिजतं त्यावर कोणीतरी नीट लिहायला हवं. मी तसं लेखी दिलंय.

येणार असाल तर बंद बूट घालून या. आधी पाय तपासतात, आणि चपला घालून आलेल्याला व्यायाम करू देत नाहीत.