1926 ला फोन केला तर खरंच कोणी येतं का? रावेर-यावल पट्ट्यातून रिव्ह्यू

आमचा मळा जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, पालच्या रस्त्याला. केळीच्या बागा संपतात अन् सातपुडा सुरू होतो तिथेच, त्यामुळे वनखात्याशी संबंध येतोच येतो. महाराष्ट्र वनविभागाचा 1926 हा टोल फ्री नंबर आहे, हॅलो फॉरेस्ट म्हणतात त्याला, पण आमच्या गावात निम्म्या लोकांना तो माहीतच नाही म्हणून हा रिव्ह्यू.

होळीच्या मागेपुढे आमच्या समोरच्या डोंगराला वणवा लागला. मी 1926 ला फोन लावला, लगेच उचलला, मराठीत बोलले, तालुका गाव शिवार विचारलं, जवळची खूण विचारली, तक्रार नंबर दिला. थोड्या वेळाने थेट आमच्या बीटच्या (म्हणजे एका वनरक्षकाकडे दिलेल्या जंगलाच्या भागाच्या) वनरक्षकाचाच फोन, "दादा, आग वर सरकतेय का खाली?" म्हणजे निरोप खालपर्यंत पोचला होता, आणि हे मला फार आवडलं.

आता पुढचं बघा. तो माणूस स्वतःच्या मोटरसायकलवर आला, मागे वनमजूर. एक ब्लोअर, बाकीच्यांच्या हातात हिरव्या फांद्या. आपल्याला वाटतं आग पाण्याने विझवतात, पण डोंगरावर पाणी आणणार कुठून? ब्लोअरने आगीच्या पुढचा पालापाचोळा उडवायचा, जमीन उघडी करायची, मग खायला काही उरलंच नाही की आग तिथे थांबते, अन् कडेने जे पेटतं ते फांद्यांनी झोडपायचं. धुराने डोळे लाल, पायातल्या बुटाचा सोल मऊ झालेला, तरी कोणी मागे हटलं नाही. विझल्यावर मला वाटलं आता जातील घरी, पण तो वनरक्षक बॅटरी घेऊन राखेतून उलटा चालत गेला, आग कुठून सुरू झाली ते शोधत. एका मोहाच्या झाडाखाली थांबला. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी तिथला पाला पेटवून दिला होता. तिथेच त्याने जागा, झाड, वेळ सगळं लिहून घेतलं, पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल, फाडायची म्हणून. म्हणजे आग विझवणारा पण तोच अन् गुन्ह्याचा तपास करणारा पण तोच, आणि माझ्या मते हेच बरोबर आहे, कारण राख वाचता येणारा माणूस दुसरा कोण असणार.

इटलीत याच कामासाठी देशभरचं वेगळं पोलीस दल होतं, त्याची मुळं थेट 1822 पर्यंत जातात! जंगलतोड, शिकार, वणवे, नदीत कचरा टाकणं, इतकंच काय अन्नातली भेसळ पण तेच बघायचे, हत्यारबंद अन् पूर्ण पोलिसी अधिकार असलेले. त्यांचा फोन नंबर 1515. मग 1 जानेवारी 2017 पासून ते दल काराबिनिएरी या त्यांच्या लष्करी पोलिसांत विलीन केलं आणि आग विझवायचं काम अग्निशमन दलाकडे दिलं. त्याच उन्हाळ्यात तिकडे मोठे वणवे लागले तेव्हा या निर्णयावर बरीच टीका झाली. मला तर ती टीका पटते, वरती लिहिलंय तसं डोळ्यांनी बघितल्यावर.

आपल्याकडे काय आहे? भारतीय वन अधिनियम 1927, त्याच्या कलम 64 मध्ये वन अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. कागदावर अधिकार आहेच. 2007 पासून दिल्लीत वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो पण आहे, पण तो शिकार अन् तस्करीपुरता, आमच्या बीटवर रात्री कुऱ्हाड चालते तेव्हा तिथे कोण असतं तर एक वनरक्षक आणि त्याची काठी. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेश. लाकूड तोडणारा वरची धार ओलांडून गेला की राज्य बदललं, खातं बदललं, मग पत्रव्यवहार सुरू. एकदा सालईच्या झाडांना डिंकासाठी खोल घाव घातलेले दिसले, कळवायला गेलो तर एका ऑफिसने सांगितलं ही आमची हद्द नाही, दुसऱ्याने सांगितलं आधी त्यांना विचारा, अन् तोवर झाडं वाळायला लागली होती. राग येतो हो, खरंच राग येतो.

आणि धोका काही लहान नाही. आमच्यापासून लांब नाही ते नेपानगर, बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, तिथे एप्रिल 2023 मध्ये जंगलतोडीच्या आरोपींना सोडवायला जमावाने सरळ पोलीस ठाण्यावर हल्ला केला. पोलीस ठाण्याची ही गत असेल तर एकट्या वनरक्षकाने काय करायचं सांगा! म्हणून मी म्हणतो राज्याच्या हद्दीत न अडकणारं, देशाचं एक वन पोलीस दल पाहिजेच, आणि त्यात भरती करायची ती याच डोंगरातल्या पावरा, तडवी, भिल्ल पोरापोरींची, त्यांना वाट पण माहीत आहे अन् झाड पण. गाव विरोधात गेलं तर बंदूक देऊन पण जंगल वाचत नाही.

तर फोन सेवेला माझे 5 पैकी 4. एक मार्क कापला कारण डोंगरात रेंजच नसते, खाली येऊन फोन करावा लागतो, अन् जाहिरात तर जवळजवळ नाहीच, निदान बसस्टँडवर आणि केळीच्या काट्यावर तरी नंबर रंगवा. आलेल्या माणसांना 5 पैकी 5. त्यांच्या मागे जी व्यवस्था पाहिजे, गाडी, जादा माणसं, रात्रीची कुमक, तिला 2 च देईन.

फोन करताना नुसतं गाव सांगू नका, शिवार, नाला, धरण काहीतरी सांगा, आमच्याकडे गारबर्डी धरणापासून कुठल्या अंगाला ते सांगितलं की लगेच कळतं. तक्रार नंबर लिहून ठेवा. मुक्ताईनगरकडच्या लोकांनी तर हा नंबर मोबाईलमध्ये सेव्हच करा, डोलारखेड्याच्या बाजूला वाघ केळीत येतो. बिबट्याने किंवा वाघाने गाय-बैल असं जनावर मारलं असेल तर 48 तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नका, नाहीतर भरपाई अडकते.